खातं पाच मिनिटांत उघडलं, चालू व्हायला हिवाळा गेला

हे प्रकरण एका निवृत्त शिक्षिकेचं आहे. वय अडुसष्ट. सगळा संसार सदाशिव पेठेतल्या वाड्यात झाला. वाडा पुनर्विकासाला गेल्यामुळे सध्या मुक्काम सिंहगड रस्त्यावर, मुलीकडे. त्यांना इथे नुसतं ‘काकू’ म्हणतो. बँकेचं नाव देत नाही, खासगी क्षेत्रातली आणि मोठी आहे एवढं पुरे. मी स्वतः आयुष्यभर बँकेत नोकरी केली आहे (दुसऱ्या बँकेत), त्यामुळे काउंटरच्या पलीकडच्या अडचणी मला ठाऊक आहेत आणि त्यांचं मी शक्य तिथे समर्थनही करतो. या प्रकरणात समर्थन करायला जागा कमी सापडली.

काकूंची परवानगी घेऊनच लिहितोय. त्यांची एकच अट होती: ‘म्हातारीला मोबाइल जमला नाही’ असं कुठे वाटता कामा नये. अट योग्य होती. काकू भाजीवाल्यापासून रिक्षापर्यंत सगळीकडे यूपीआयने पैसे देतात आणि गॅसचा नंबर ॲपवरून लावतात. अडलं ते त्यांच्यामुळे नाही.

खातं हवं कशाला होतं

काकूंची एका सहकारी बँकेतली मुदत ठेव दिवाळीनंतर पिकली. व्याजासकट साडेआठ लाख. त्या बँकेबद्दल त्यांची काही तक्रार नाही, पण पुण्यात सहकारी बँकेत पैसे ठेवणारा माणूस थोडा हिशेब करूनच ठेवतो. रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना शेवटी रद्द झाला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. शिवाजीराव भोसले सहकारी बँकेचा परवाना २०२१ मध्ये गेला. काकूंचे पैसे यांपैकी कुठेच नव्हते. पण पेठेत राहून ही नावं कानावर आली नाहीत असं होत नाही.

ठेवींवरच्या विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख आहे. त्याआधी १९९३ पासून ती एक लाखच होती. हे पाच लाख मुद्दल आणि व्याज मिळून, आणि त्या एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. म्हणजे कोथरूडला तीन आणि डेक्कनला तीन ठेवून उपयोग नाही, बँकच वेगळी हवी. काकूंनी वहीत हिशेब मांडला: चार लाख आहेत तिथेच, वर व्याजाला जागा, उरलेले साडेचार दुसऱ्या बँकेत. अगदी चोख हिशेब. त्यासाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडायचं, इतकाच विषय होता.

मुलगी म्हणाली, “आई, शाखेत कशाला जातेस? ॲपवर पाच मिनिटांत होतं.” आणि झालंही.

पाच मिनिटं

पॅन क्रमांक टाकला, आधार क्रमांक टाकला, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी आला. ओटीपी टाकताच नाव, जन्मतारीख, पत्ता आणि आधारवरचा तो सुप्रसिद्ध फोटो स्क्रीनवर हजर. पुढे चौकोनांची एक रांग. मुलीने त्या सगळ्यांवर भराभर टिक केली, जशी आपण सगळेच करतो. शेवटी ‘अभिनंदन’, रंगीत कागदांची उधळण, खाते क्रमांक आणि आयएफएस कोड. खाली एक बटण ‘व्हिडिओ केवायसी करा’ आणि त्याच्याच शेजारी दुसरं, ‘नंतर करा’. त्यांनी नंतरचं दाबलं. खाते क्रमांक तर मिळालाच होता.

त्या रांगेतल्या दोन चौकोनांनी पुढचं सगळं रामायण घडवलं. एक होता पत्त्याचा: ‘माझा सध्याचा पत्ता आधारवरचाच आहे.’ इथे टिक आधीच केलेली होती. खोटं असेल तर ती काढायची होती. दुसरा, हे खातं ‘आधार ओटीपीवर आधारित’ असून त्याच्या मर्यादा मला मान्य आहेत, असा.

या मर्यादा बँकेच्या मनच्या नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी (म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या) निर्देशांतच त्या लिहिलेल्या आहेत. समोरासमोर न येता, केवळ आधार ओटीपीवर उघडलेल्या खात्यात कधीही एक लाखापेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही. आर्थिक वर्षात एकूण दोन लाखांच्या वर जमा होऊ शकत नाही. असं खातं माणसाला एकाच बँकेत ठेवता येतं. आणि वर्षभरात पूर्ण ओळख पटवली नाही, तर ते बंद करावं लागतं.

नियम शहाणपणाचा आहे, हे आधी सांगून टाकतो. ओटीपीने इतकंच सिद्ध होतं की तो मोबाइल या क्षणी कुणाच्या तरी हातात आहे. तो हात कुणाचा, हे त्यातून कळत नाही. सायबर फसवणुकीतले पैसे फिरवायला दुसऱ्यांच्या नावावरची खाती भाड्याने घेतली जातात, आणि नुसत्या ओटीपीवर पूर्ण ताकदीचं खातं मिळू लागलं तर त्या धंद्याला आयतं कुरण. तेव्हा लाखाची मर्यादा असू दे. पण साडेचार लाख ठेवायला आलेल्या ग्राहकाला ‘अभिनंदन’च्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत ‘या खात्यात सध्या फक्त एक लाख मावतील’ असं सांगायला बँकेला काय झालं होतं? ते वाक्य होतं, पण ईमेलसोबतच्या पीडीएफमध्ये, सातव्या-आठव्या पानावर.

साडेचार लाख जातात आणि परत येतात

काकूंनी मोठी रक्कम ॲपवरून पाठवायला नकार दिला आणि त्या थेट सहकारी बँकेच्या शाखेत गेल्या. एनईएफटीची स्लिप भरली, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, खाते क्रमांक दोनदा ताडून. काउंटरवरच्या मुलीने एंट्री केली, काकूंच्या मोबाइलवर साडेचार लाख वजा झाल्याचा मेसेज आला. एनईएफटी आता चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाला एक बॅच; दुपारच्या चहापर्यंत पैसे दिसायला हवे होते.

चहा झाला. नव्या खात्यात शिल्लक शून्य, जुन्या खात्यातून पैसे गेलेले. ज्याने आयुष्यभर पगार आणि पेन्शन यांच्यापलीकडे मोठी रक्कम हलवलेली नाही, त्याला ही मधली अवस्था कशी वाटत असेल याची कल्पना बँकेतल्या माणसालाही सहसा नसते. आम्हाला माहीत असतं की पैसे हवेत जात नाहीत; ज्या खात्यात जमा करता येत नाहीत, तिथून ठरलेल्या वेळात परत फिरवावेच लागतात. काकूंना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला, तिथे आधी भाषा निवडा, मग खात्याचा प्रकार निवडा, मग संगीत. संध्याकाळी पैसे सहकारी बँकेत परत आले. दुसऱ्या दिवशी पासबुक भरून घेतलं, तर दोन ओळी: एकीत साडेचार लाख नावे (म्हणजे वजा), खालच्या ओळीत ‘एनईएफटी रिटर्न’ आणि साडेचार लाख जमा. कारणाच्या जागी अक्षरं-आकड्यांचा कोड, जो काउंटरवरच्या मुलीलाही लागला नाही.

इथे काकू माझ्याकडे आल्या. पासबुक पुढे ठेवून म्हणाल्या, “हे खातं आहे की नाही, एवढंच सांगा.” मी म्हटलं, आहे, पण अर्धं आहे.

कॅमेऱ्यासमोर

उरलेलं अर्धं म्हणजे व्हिडिओ केवायसी. रिझर्व्ह बँकेने याला ९ जानेवारी २०२० ला परवानगी दिली. मग महासाथीत शाखांत जाणंच बंद झालं तेव्हा त्याचं महत्त्व सगळ्यांना पटलं, आणि मे २०२१ मध्ये नियम आणखी नीट करण्यात आले. बँकेचा प्रशिक्षित अधिकारी पलीकडे बसतो, ग्राहक भारतातच आहे का हे मोबाइलच्या लोकेशनवरून बघतो, चेहरा जिवंत माणसाचाच आहे याची खात्री करतो, मूळ पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला लावतो, प्रश्नांचा क्रम मुद्दाम बदलत विचारतो. हे प्रत्यक्ष शाखेत ओळख पटवण्याच्या तोडीचं धरलं जातं, म्हणून ते झालं की लाखाची मर्यादा उठते. चांगली सोय आहे. मी स्वतः एकदा केली आहे, विनासायास.

काकूंच्या वेळी मी शेजारी बसलो होतो, कॅमेऱ्यात येणार नाही असा. पहिल्या कॉलला पाठीमागून गॅलरीचा उजेड, म्हणून चेहरा काळा. काकू उठून स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून बसल्या. पलीकडचा मुलगा हिंदीत बोलत होता, काकू मराठीत उत्तर देत होत्या, आणि तेवढं दोघांचं जमत होतं. पॅन कार्ड दाखवायची वेळ आली. काकूंचं पॅन जुनं, वीसेक वर्षांपूर्वीचं. अक्षरं पुसू नयेत म्हणून त्यांनी ते तेव्हाच लॅमिनेट करून घेतलेलं. ट्यूबलाइटची एक पांढरी पट्टी बरोबर पॅन क्रमांकावर. “थोडा नीचे, मॅडम. थोडा लेफ्ट. नहीं, उतना नहीं.” क्रमांक दिसला तर फोटो झाकला जाई, फोटो दिसला तर क्रमांक. मी हळूच ई-पॅनचा छापील कागद पुढे सरकवला. तो चालत नाही, असं उत्तर आलं, आणि त्या मुलाचं बरोबर होतं: ई-पॅन डिजिटल स्वरूपात दिलं तर चालतं, त्याचा प्रिंट व्हिडिओ पडताळणीत चालत नाही. शेवटी ट्यूब बंद करून, खिडकीशी जाऊन, कार्ड दिसलं. आता कोऱ्या कागदावर सही करा. काकूंनी केली, नेहमीची, मराठीत. मुलगा दोन क्षण थांबला. “इंग्लिश में साइन नहीं है?” काकू म्हणाल्या, “नाही. पॅनवरही हीच आहे, बघा.” त्याने बघितलं, पुढे गेला. सही कुठल्या लिपीत हवी असं केवायसीच्या नियमांत कुठेही नाही, आणि त्या मुलाने हुज्जत घातली नाही हे मी त्याच्या बाजूने नोंदवतो.

आणि मग कॉल तुटला. मुलीच्या फ्लॅटमधलं वायफाय खिडकीशी जरा कमीच येतं. पुन्हा जोडला तर नवा माणूस, पहिल्यापासून सगळं. यावर काकू वैतागल्या, पण हाही नियम आहे: संभाषण तुटलं तर नवं सत्र सुरू करावं लागतं, तुकडे जोडून एक रेकॉर्डिंग करता येत नाही. नव्या माणसासमोर पुन्हा भिंत, पुन्हा ट्यूब, पुन्हा सही. या वेळी शेवटपर्यंत गेलं. “डन मॅडम, चोवीस तास में अपडेट आएगा.” अशी खाती लेखापरीक्षणाच्या नजरेखालून गेल्याशिवाय चालू करता येत नाहीत, म्हणून तो वेळ.

दुसऱ्या दिवशी मेसेज: ‘आपली विनंती मंजूर होऊ शकली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’

का, ते नाही. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच मेसेज, शब्दशः. माझ्या मते या प्रकरणातला खरा दोष हा आहे. बाकी सगळं, उजेड, वायफाय, लॅमिनेशन, ही किरकोळ कटकट. ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणजे ग्राहकाने काहीतरी चुकीचं केलं असं सुचवायचं, आणि काय चुकलं ते मात्र सांगायचं नाही.

आडनाव आधी की नाव आधी

कारण बऱ्याच उशिराने कळलं: नाव जुळत नव्हतं. काकूंचं नाव आयुष्यात एकदाही बदललेलं नाही. लग्नानंतर जे लावलं तेच नोकरीत, तेच पेन्शनच्या कागदावर. पण आधार काढलं तेव्हा रेशन कार्ड पुढे केलं होतं, आणि रेशन कार्डावर आपल्याकडे आडनाव पहिलं, मग स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं. आधारच्या केंद्रातल्या मुलाने होतं तसं टाकलं. पॅनवर मात्र स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. त्यात काकूंच्या नावातली दीर्घ ‘ई’: पॅनवर इंग्रजी ‘ई’ दोनदा, आधारवर ‘आय’ एकदा. आणि नवऱ्याच्या नावापुढे पॅनवर ‘राव’ आहे, आधारवर नाही.

कुठल्याही मराठी माणसाला हे एकच नाव आहे हे बघताक्षणी कळतं. पॅन आणि आधार जोडताना एवढा फरक चालून गेला होता. तिथे जन्मतारीख आणि बाकी तपशील बरोबर होते. बँकेची प्रणाली मात्र पहिला शब्द पहिल्या शब्दाशी ताडते. तिच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. खरं तर एवढ्यासाठीच व्हिडिओवर माणूस बसवलेला असतो. दोन्ही वेळा समोरच्या माणसाला नाव एकच आहे हे कळलं असणारच, आडवं आलं ते मागचं यंत्र.

हेल्पलाइनने सल्ला दिला: राजपत्रात नाव बदलून घ्या. मी हा सल्ला ऐकून हसलो नाही, कारण अनेक जण तो ऐकतात, फॉर्म भरतात, पैसे भरतात आणि थांबतात. राजपत्र हवं असतं नाव बदललं असेल तर. इथे नाव बदललेलंच नाही, क्रम आणि स्पेलिंग वेगळं आहे. आणि खरोखर बदललेलं असेल तरी प्रत्येकीला राजपत्र लागतंच असं नाही. कागदपत्र काढल्यानंतर नाव बदललं असेल, तर राज्य सरकारचं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र, दोन्हींपैकी एक सोबत जोडलं की जुना कागद ग्राह्य धरायचा, असं रिझर्व्ह बँकेने स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्याकडे कितीतरी बायकांचं पहिलं नावही लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहून बदललेलं असतं. शाळेच्या दाखल्यावर एक, सासरच्या रेशन कार्डावर दुसरं. त्या पिढीतल्या ज्यांचं लग्न कधी नोंदवलेलंच नाही, त्यांना आधी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विवाहनोंदणीच्या मागे लागावं लागतं. काकू त्या गटात नव्हत्या, हे त्यांचं नशीब.

पत्र्याच्या कुंपणाला टेकवलेलं डेबिट कार्ड

इकडे हे चालू असताना बँकेने स्वागत-किट रवाना केलं: डेबिट कार्ड, चेकबुक, रंगीत पत्र. कुठे? सदाशिव पेठ, ४११०३०, आधारवरच्या घर क्रमांकावर. त्या जागी सध्या निळे पत्रे, एक क्रेन आणि रखवालदार आहे. कुरिअरवाल्याने फोन केला, “काकू, इथे बिल्डिंगच नाहीये.” त्याने किट थोडा वेळ पत्र्याच्या कुंपणाला टेकवून ठेवलं, रखवालदाराने घ्यायला नकार दिला, शेवटी ते परत गेलं. रखवालदाराचे मी मनापासून आभार मानतो. अनोळखी बाईचं डेबिट कार्ड त्याने घेतलं नाही.

पुण्याच्या पेठांत, कोथरूडला, कर्वेनगरला आज वाड्यांचं, जुन्या सोसायट्यांचं इतकं पाडकाम चालू आहे की ही एकट्या काकूंची अडचण नाही. दोन-अडीच वर्षांसाठी दुसरीकडे राहायचं, मग त्याच जागी परत. मुलीने सुचवलं, आधारवरचा पत्ता बदलू; कुटुंबप्रमुखाच्या संमतीने ऑनलाइन पत्ता बदलता येतो, तिच्या फ्लॅटचा टाकू. काकूंनी ठाम नकार दिला. एक तर त्या परत जाणार आहेत, मतदार यादीत नाव पेठेतलं आहे. दुसरं, एकदा सिंहगड रस्त्यावर गेलेला पत्ता परत पेठेत आणायचा तर तेव्हा त्यांच्या नावाचा वीजबिलासारखा पुरावा लागणार, आणि वाड्यातलं मीटर महावितरणने काढून नेलेलं आहे. मला त्यांचं म्हणणं पटलं.

आणि खरी गंमत अशी की याचं उत्तर नियमात तयार आहे. आधारने ओळख पटवलेल्या ग्राहकाचा सध्याचा पत्ता आधारपेक्षा वेगळा असेल, तर त्याने तसं स्वतःच्या सहीने लिहून दिलं की पुरतं. पुरावा लागत नाही, आधार बदलावं लागत नाही. ॲपमध्येही ही सोय होती: पहिल्याच दिवशी ती आधीच केलेली टिक काढली असती, तर खाली नव्या पत्त्याचे रकाने उघडले असते. एकदा ‘पुढे’ दाबल्यावर मात्र ते परत उघडायला वाट नव्हती. त्यासाठी आधी व्हिडिओ केवायसी पूर्ण हवी, आणि ती तर नावावर अडकलेली.

शाखा, पत्र, बोट

जवळच्या शाखेत आम्ही गेलो, तर पहिलं उत्तर: “हे डिजिटल खातं आहे, आमच्याकडे दिसत नाही.” दिसत होतं, शाखेचा कोड त्या खात्यावर छापलेला होता. अधिकाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. ऑनलाइन उघडलेली खाती मुख्यालयाच्या वेगळ्या विभागाची, त्यांचं उद्दिष्ट वेगळं, शाखेचं वेगळं. दुसऱ्याच्या पोराला कोण न्हाऊ घालणार?

मग लेखी तक्रार केली. मसुदा मी केला, भाषा काकूंनी सुधारली, आणि तक्रार बँकेच्या तक्रार विभागाला ईमेलने आणि शाखेत पोच घेऊन, अशी दोन्हीकडे दिली. त्यात रडगाणं नव्हतं, तीनच मागण्या होत्या. एक, अर्ज नामंजूर करण्याचं नोंदवलेलं कारण कळवा. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे की विचार न करता अर्ज फेटाळायचा नाही आणि कारणाची नोंद संबंधित अधिकाऱ्याने ठेवायची. दिव्यांग आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना डोळ्यांची उघडझाप न झाल्यामुळे केवायसीतून बाहेर ठेवलं जात होतं. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला निकाल दिला, त्यानंतरची ही दुरुस्ती. पण कारण नोंदवायची अट सगळ्यांसाठी आहे. दोन, सध्याच्या पत्त्याचं सोबतचं घोषणापत्र नोंदवून घ्या. तीन, व्हिडिओ जमत नसेल तर शाखेत समोरासमोर केवायसी करा. तक्रार क्रमांक घेतला आणि शेवटी एक ओळ: ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ.

तीस दिवस लागले नाहीत. ज्या शाखेला खातं दिसत नव्हतं, तिथूनच फोन आला, “काकू, मूळ आधार आणि पॅन घेऊन या.” आणि कारणही पहिल्यांदाच लेखी आलं: नावाचा क्रम आणि स्पेलिंग.

शाखेत बोटाचा ठसा घ्यायचं यंत्र होतं. काकूंनी उजवी तर्जनी ठेवली, लाल दिवा. अंगठा, लाल. चाळीस वर्षं खडू आणि तितकीच भांडी, रेषा झिजलेल्या. अधिकारी बाईंनी स्वतःचा ओला रुमाल दिला, “बोटं पुसा, आणि घाई न करता जरा दाबून धरा, काकू.” डाव्या हाताच्या अनामिकेला हिरवा दिवा लागला. त्या बाईंनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून बघितली, जन्मतारीख, फोटो, सही ताडली, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं काकूंकडून एका कागदावर लिहून घेतलं आणि प्रणालीत तसा शेरा मारला. पत्त्याचं घोषणापत्र जोडलं. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आतलं काम. ऑनलाइनवाल्या मुलाला नेमका हा शेरा मारायचा अधिकार दिलेला नव्हता, असं त्यांनी ओघात सांगितलं.

नॉमिनीचं नाव त्याच वेळी भरलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती देता येतात. काकूंनी मुलगी आणि मुलगा दोघांची नावं दिली, निम्मा निम्मा वाटा. ॲपमध्ये एकाच नावाचा रकाना होता.

दोन दिवसांनी खातं पूर्ण झालं. काकूंनी या वेळी आधी एक रुपया पाठवला, मग दहा हजार, मग उरलेले. नवं कार्ड सिंहगड रस्त्यावर आलं. पहिलं, पत्र्यावरून परत गेलेलं, बँकेने रद्द केल्याचं आम्ही लेखी मागून घेतलं.

आता वाड्यातल्या दुसऱ्या बिऱ्हाडातले एक काका हाच बेत करत आहेत, आणि तेही सध्या धायरीला मुलाकडे राहतात. त्यांची दोन्ही कार्डं मी आधीच शेजारी ठेवून बघितली: पॅनवर वडिलांचं नाव पूर्ण आहे, आधारवर नुसतं आद्याक्षर. त्यांना ॲपच्या वाटेला जाऊ दिलेलं नाही. त्यांचं वय चौऱ्याहत्तर आहे आणि गुडघ्यांमुळे जिना जमत नाही. सत्तरीपुढच्या ग्राहकांसाठी केवायसीची कागदपत्रं घरी येऊन घेण्याची सोय करायला रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितलेलं आहे. त्या परिपत्रकाचा उल्लेख करून शाखेत अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो असं शाखेने सांगितलं आहे.